त्यांनी मला सही करू दिली नाही

मला मदत केली ती एका जर्मन म्हाताऱ्यानं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सांगायला लागले की माझंच रडगाणं सुरू होईल आणि त्यांचं राहून जाईल. ते माझ्या नात्याचे नव्हते, देशाचे नव्हते, भाषेचे तर नव्हतेच. उभं आयुष्य त्यांनी कामगार संघटनेत घालवलं. पुढं वीसेक वर्षं त्यांच्या राज्याच्या विधानसभेत सोशल डेमोक्रॅट पक्षाचे आमदार म्हणून बसले, आणि बायको गेल्यावर आयर्लंडच्या वरच्या टोकाला, लेटरकेनीपासून अर्ध्या तासावरच्या एका टेकडीवर येऊन एकटे राहिले. त्याच टेकडीच्या पायथ्याला आमचं घर होतं. आमचं म्हणजे मशरूम फार्मनं भाड्यानं घेतलेलं, तोडणीच्या चार बायकांचं.

मी नववीत शाळा सोडली. वाईच्या पलीकडचं गाव माझं. आई दवाखान्यात, धाकटी दोघं घरात, मग शाळा सुटली ती सुटलीच. शाळेनं मला पाढे दिले आणि सही दिली. आई अंगठा लावायची. रेशनच्या दुकानात शाईचं पॅड पुढं आलं की ती आधी आजूबाजूला बघून घ्यायची, कोण बघतंय का, आणि नंतर घरी येईपर्यंत बोट पदराला पुसत राहायची. आठवीला आमच्या बाईंनी आम्हा मुलींना सही बसवून दिली. नाव, आडनाव, खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. महिनाभर वहीच्या मागच्या पानांवर गिरवली. तेव्हापासून माझ्यापुढं कुणी कागद सरकवला की मी झटक्यात सही करते. वाचत नाही. वाचत बसलं तर समोरच्याला कळणार, हिला जमत नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगी सहावीत होती. गावाजवळ मशरूमचं युनिट होतं, तिथं पाच वर्षं तोडणी केली. हात चालायचा माझा, हे मी फुशारकीनं सांगत नाही, तेवढं एकच मला येतं. एजंट म्हणाला, आयर्लंडला हात चालणाऱ्या बायका पाहिजेत. मुलीला बहिणीकडं ठेवलं आणि आले. फार्मवर पहिल्या दिवशी ऑफिसात चौदा कागद पुढं आले. चौदा कागदांवर रेघ आली, अठ्ठावीस टिंबं आली. त्यांत काय लिहिलंय हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. वाटलं, इथंही आपलं काम अडलं नाही.

इथले मराठी लोक म्हणजे डॉक्टर, नाहीतर कॉम्प्युटरवाले. डब्लिनकडं, ब्लँचर्डस्टाउनला गणपती बसवतात, स्वोर्ड्सला हळदीकुंकू असतं, हे फोनवर फोटोत बघायचे. मी कधी गेले नाही. एक तर लांब, गाडीशिवाय इथून हलता येत नाही. आणि तिथं कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर काय सांगायचं होतं.

काम असं असायचं. लांबलचक बंद खोल्या, उबदार, दमट. एकावर एक सहा मजल्यांची अॅल्युमिनियमची मांडणी, प्रत्येक मजल्यावर खत, खतावर पीटची काळी माती आणि तिच्यावर पांढरे मशरूम. वरचे मजले तोडायला ट्रॉली असते. ती मांडणीच्या कडेला अडकवायची, वर चढायचं, ब्रेक लावायचा, तोडायचं, ब्रेक काढायचा, पुढं सरकायचं. मशरूमला रविवार कळत नाही. आज राहिलं तर उद्या दुप्पट होतं आणि मग त्याला भाव नाही. दाराजवळ एक पडदा होता, त्यावर आमचे नंबर आणि प्रत्येकीची तासाची किलो. खालच्या दोन नंबरांना लाल रंग. मी कधी लाल झाले नाही, पण रोज सकाळी आत शिरताना आधी तो पडदा बघायचे.

ह्या आजोबांची ओळख झाली ती रस्त्यावर. दुकानातून पीठमीठ घेऊन मी पावसात चालत येत होते. एक जुनी गाडी थांबली. आतल्या म्हाताऱ्यानं काच खाली केली. इथं गाडी थांबवणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, कुठल्या देशाची. हे म्हणाले, "कुठली शिफ्ट?"

मी सांगितलं, सकाळची.

"एका ट्रॉलीवर किती जणी?"

"एक."

"आणि तुमच्या बाजूनं कोण बोलतं?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "सुपरवायझर."

ते इतके हसले की खोकला लागला. मग दार उघडून म्हणाले, "बस. भिजतेस."

त्यांचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं त्याहून. म्हणून तर आमचं जमलं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यापुढं मी मुकी होते. त्यांच्यापुढं मला शब्द सापडला नाही तर ते म्हणायचे, "थांब, मलापण सापडत नाहीये," आणि दोघं मिळून शोधायचो. पहिल्यांदा मी त्यांना काका म्हटलं. ते दचकलेच. म्हणाले, "आमच्याकडे हा शब्द दोन वर्षांची पोरं वापरतात. चड्डीत झाली की." मी इतकी लाजले की पळूनच जाणार होते. ते म्हणाले, "तुमच्याकडे अजून एखादा असेल की नातेवाईक." मग आजोबा ठरलं. ते त्यांना नीट म्हणता यायचं नाही, पण हाक मारली की ओ द्यायचे.

रविवारी दुपारी आम्हाला सुटी असायची. मी तांदळाच्या पिठाची भाकरी करून न्यायचे, ते तिला लोणी फासून खायचे आणि म्हणायचे, मीठ विसरलीस. दर वेळी. त्यांच्या स्वयंपाकघरात भांड्यांचं कपाट, इथं त्याला प्रेस म्हणतात, त्याच्या आतल्या बाजूला एक फोटो चिकटवलेला होता. जहाजाच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर पन्नासेक माणसं, टोप्या घातलेली, मध्ये हे, काळ्या केसांचे, तोंड उघडं. मी विचारलं, ओरडताय का. म्हणाले, "नाही, जांभई. पहाटे चारपासून उभे होतो."

त्यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. "आठवी," असं मी बोटांवर मोजून त्यांना सांगितलं, आणि त्यांना तो शब्द आवडला. "मी आठवी, तू नववी," म्हणायचे. "तू मला शिकव." जहाजाच्या कारखान्यात ते टर्नरचं काम शिकले. मग संघटनेत आले, मग कामगारांनी निवडून दिलेल्या समितीत, मग पक्षात, मग विधानसभेत. लाल रंगाचं एक छोटं पुस्तक त्यांनी मला दाखवलं, पक्षाचं सभासदपुस्तक. आत दर महिन्याच्या वर्गणीची तिकिटं चिकटवलेली, पानंच्या पानं. विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा हात इतके थरथरायला लागले की त्यांनी ते खिशात घातले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, नवा आमदार उर्मट आहे, खिशात हात घालून बोलतो. हे सांगताना ते हसत होते. मी नाही हसले. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, तोही आपल्यासारखाच घाबरतो. आणि मला पहिल्यांदा इथं जरा हलकं वाटलं.

त्यांची एक सवय होती. टेबलावर कायम एक वही आणि तिला दोरीनं बांधलेली पेन्सिल. दिवसभरात जे झालं ते त्याच दिवशी लिहायचं. किती वाजता, कोण कोण होतं, कोण कुठं उभं होतं, काय बोललं गेलं. मत लिहायचं नाही. कारखान्यात असल्यापासूनची सवय. आता त्यात काय असायचं, तर पोस्टमन साडेअकराला आला, कुत्रा भुंकला, वारा पश्चिमेचा. मी म्हटलं, ह्याचा काय उपयोग. म्हणाले, "शंभरातले नव्याण्णव दिवस काही नाही."

जानेवारीत मी पडले.

माझ्या ट्रॉलीचा ब्रेक आठवडाभर सैल होता. तो निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेला होता, कुणी बांधला माहीत नाही. मी दोनदा सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाली, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, "बघते." ती वाईट बाई नव्हती, तीही तोडणीवरूनच वर आली होती आणि तिचाही नंबर कुठल्यातरी पडद्यावर असणार. त्या दिवशी पाचव्या मजल्यावर मी हात लांब करून कोपऱ्यातले मशरूम घेत होते. ट्रॉली सरकली. मांडणीच्या कडेवर माझा उजवा हात आपटला आणि मग मी त्या हातावरच खाली आले. आवाज आला तो मला ऐकू आला. ओलं लाकूड मोडल्यासारखा.

मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "सॉरी." टोपली सांडली होती, सगळे मशरूम जमिनीवर, आणि मी सॉरी सॉरी करत डाव्या हातानं ते गोळा करत होते. पलीकडच्या ट्रॉलीवरून माझी खोलीतली जोडीदारीण, थायलंडची, धावत खाली आली. मॅनेजर नव्हता. सुपरवायझर म्हणाली, टॅक्सी बघते. माझ्या जोडीदारणीनं मात्र फोन लावला तो टेकडीवरच्या आजोबांना. ते पंधरा मिनिटांत आले, पायात घरातल्या सपाता तशाच.

गाडीत त्यांनी मला एवढंच सांगितलं, "आज कशावरही सही करायची नाही. पोस्टमनच्या पावतीवरसुद्धा नाही."

मी म्हटलं, "हातच नाही आजोबा, सही कशानं करू."

"करतात," ते म्हणाले. "माणसं करतात."

लेटरकेनीच्या हॉस्पिटलात मला तपासायला आल्या त्या डॉक्टरबाई पुण्याच्या निघाल्या. माझं आडनाव वाचून त्यांनी मराठीतच विचारलं, "ताई, कसं झालं हे?" आणि मी रडायलाच लागले. हात मोडल्याचं रडू नव्हतं. सात महिन्यांत कुणी समोर बसून मराठीत काही विचारलं नव्हतं. त्यांनी एक्स-रे दाखवला, दोन ठिकाणी मोडलंय म्हणाल्या, प्लास्टर होईपर्यंत माझ्याजवळ थांबल्या. मग दार जरा ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "फार्मवाले काही कागद देतील. फार ताणू नका. कामाचं परमिट त्यांच्या हातात असतं ना? माझंही सुरुवातीला असंच होतं. मान खाली घालायची आणि दिवस काढायचे. मुलीचं शिक्षण बघा."

त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. माझं परमिट जुलैत संपत होतं. मुलगी बारावीला. हे काम गेलं तर मी परत, आणि परत म्हणजे काय ते मला पाठ होतं. मी मनात ठरवूनच टाकलं की सही करायची.

येताना मी ते आजोबांना सांगितलं. खाडीच्या कडेला एक रुंद जागा आहे, तिथं त्यांनी गाडी बाजूला घेतली. ओहोटी होती. सगळीकडं चिखल आणि मध्ये पाण्याची एक रेघ. दुपारचे तीन वाजले असतील, पण इथं जानेवारीत तीनलाच उजेड जायला लागतो.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. ते सव्वीस वर्षांचे होते, समितीत नुकतेच निवडून आले होते. ज्या माणसानं त्यांना काम शिकवलं तो जहाजाच्या पोटात परांचीवरून पडून मेला. परांचीची फळी कुजलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी सकाळी कुणाचा तरी वाढदिवस होता म्हणून चौघांनी मिळून एक बाटली बिअर प्यायली होती. साहेबानं ह्यांना बोलावून कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं, मयताच्या तोंडाला दारूचा वास येत होता. साक्षीदार म्हणून ह्यांची सही पाहिजे.

"वास येत होता," ते म्हणाले. "माझ्याही तोंडाला येत होता. कागदात खोटं काहीच नव्हतं. फक्त फळी नव्हती त्यात."

"मग?"

"साहेब म्हणाला, तुम्ही समितीत नवे, आपल्याला पुढं बरीच वर्षं एकत्र काम करायचंय. मी सही केली. त्याच्या बायकोची पेन्शन नामंजूर झाली. ती लहान मुलीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली."

बहिणीकडं, हे ऐकून मला माझी मुलगी आठवली.

"ती तुम्हाला काही बोलली नाही?"

"रस्त्यात भेटली की नमस्कार करायची. मी तिच्या नवऱ्याचा दोस्त होतो ना. तिला कागद कुणी दाखवलाच नाही." त्यांनी काचेवरचं धुकं बाहीनं पुसलं. "पुढं मी फळ्यांवर, शिड्यांवर, कठड्यांवर विधानसभेत इतका बोललो की लोक थट्टा करायचे, आला सुतार. म्हणायचे, ह्याला कामगारांचा किती कळवळा. मी ऐकून घ्यायचो."

"मग सांगून का नाही टाकलंत?"

"निवडणूक यायची होती," ते म्हणाले. "नेहमीच कुठलीतरी निवडणूक यायची असते."

घरी आल्यावर त्यांनी मला वही दिली आणि लिही म्हणाले. मी म्हटलं, डावा हात. म्हणाले, डाव्यानं लिही. इंग्रजी येत नाही. तुझ्या भाषेत लिही. मग समोर बसून एकेक विचारत गेले. किती वाजता. ट्रॉलीचा नंबर. दोरी कुठल्या रंगाची, किती गाठी. आधी कुणाला, कुठल्या वारी सांगितलं, ती काय म्हणाली, तेव्हा जवळ कोण होतं. ट्रॉली अकरा नंबरची. दोरी निळी, गाठी तीन. बालवाडीतल्या पोरासारखी अक्षरं आली, दोन पानांना दीड तास लागला. शेवटी तारीख घालायला लावली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुपरवायझर घरी आली. केक घेऊन आली होती. हात कसा आहे विचारलं, आणि मग फाइल उघडली. म्हणाली, "हे फक्त इन्शुरन्ससाठी. इथं सही." खाली माझ्या जोडीदारणीची सही आधीच होती, साक्षीदार म्हणून. मी तिच्याकडं पाहिलं तर ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली.

मी डाव्या हातानं पेन घेतलंसुद्धा. आजोबांनी सांगितलं होतं, तरी घेतलं. जुलै, बारावी, लाल नंबर, सगळं डोक्यात एकदम झालं. पेन नीट धरता येईना. सुपरवायझर माझी अडचण बघून चांगुलपणानंच म्हणाली, "राहू दे, सहीची गरज नाही. अंगठा चालेल." आणि पर्समधून शाईचं छोटं पॅड काढलं. सगळी तयारी करून आली होती बिचारी.

मी त्या पॅडकडं बघत राहिले. मला रेशनचं दुकान दिसलं. आईचं बोट दिसलं.

मी म्हटलं, "आधी वाचून घेते."

एवढंच म्हटलं. पण आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. ती म्हणाली, "मी वाचून दाखवते ना." मी म्हटलं, "नको, मी वाचीन. दोन दिवस लागतील. मला लवकर वाचता येत नाही." हे शेवटचं वाक्य बोलताना कान गरम झाले. तिनं फाइल मिटली, कागद ठेवला आणि गेली. केक तसाच राहिला.

वाचायला दोन दिवस नाही, एक संध्याकाळ लागली, आजोबा आणि मी आणि त्यांची डिक्शनरी. लिहिलं होतं की कामगारानं ब्रेक स्वतः काढला, आणि ब्रेक वापरायचं शिक्षण तिला दिलेलं होतं, सोबत सही जोडली आहे. पाठीमागं माझा पहिल्या दिवशीचा कागद. रेघ, दोन टिंबं. किती सुबक आली होती. असलं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं, पण दिलं असं मीच लिहून दिलं होतं. आजोबांनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच चिडले. "वाचलं का नाहीस?" मी म्हटलं, "लाज वाटली." त्यांनी बोट उचललं. म्हणाले, "हं. मलाही."

माझ्या जोडीदारणीशी मी चार दिवस बोलले नाही. मी आजोबांकडं तिच्याबद्दल नको नको ते बोलले. ते म्हणाले, "तिला शिव्या देऊ नकोस. तिनं फोन केला म्हणून मी आलो. आणि सही तिनं केली ती का केली ते मला विचार." त्या रात्रीच्या जेवणात मी तिच्या ताटात भात वाढला. तिनं तो सगळा खाल्ला.

पुढचं सगळं हळूहळू आणि वाईट झालं. आजोबांच्या ओळखीनं डब्लिनहून संघटनेची एक बाई आली. तोपर्यंत अकरा नंबरच्या ट्रॉलीला नवा कोरा ब्रेक बसलेला होता, निळी दोरी कुठंच नव्हती. फार्मवाले म्हणाले, दोरी कसली? तेव्हा ती वही निघाली. ती मराठीत. संघटनेच्या बाईला ती इंग्रजीत पाहिजे होती. मी भीत भीत हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंना फोन केला. मला वाटलं, त्या नाही म्हणतील, त्यांनीच तर ताणू नका सांगितलं होतं. त्या सुटीच्या दिवशी स्वतः गाडी घेऊन आल्या, आमच्या स्वयंपाकघरात बसून माझी वाकडी अक्षरं वाचली आणि ओळ न ओळ टाइप केली. सल्ल्याबद्दल काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "तारीख घातलीत ते बरं केलंत ताई."

फार्मनं चूक कबूल केली नाही. पण ती माझी होती असंही कुठं लिहिलं गेलं नाही, आणि उपचार त्यांच्याकडून झाले. परमिटसाठी त्यांनी पुन्हा अर्ज करायला नकार दिला. संघटनेच्या बाईनं सांगितलं, आता नियमानं दुसऱ्या मालकाकडं जाता येतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं मी त्या फार्मला बांधलेली आहे, ट्रॉलीसारखी. दोन काउंट्या, म्हणजे जिल्हे, ओलांडून दुसऱ्या फार्मवर जागा मिळाली. तोडणीला आता मनगट फिरत नाही. पॅकिंगला बसवलंय. पगार कमी, लाल नंबर नाही.

ह्यातलं शेवटचं त्यांनी पाहिलं नाही. फेब्रुवारीत खोकला वाढला. तेव्हा मी त्यांच्याकडं रोज जायचे, एका हातानं सूप गरम करून द्यायचे. एका दुपारी त्यांनी माझ्याकडून टेबलावरची वही मागून घेतली आणि दोन दिवस लिहीत होते. जर्मनमध्ये. मी विचारलं, काय. म्हणाले, "किती वाजता, कोण कुठं उभं होतं, फळी कशी होती." त्या माणसाची बायको कधीच वारली होती. मुलगी असेल कुठंतरी, आता तीच सत्तरीची. जुना पत्ता होता. पाकिटावर तो त्यांनी घातला आणि पाठीमागं पाठवणाऱ्याचा म्हणून माझा घालायला लावला. "मी नसेन कदाचित," म्हणाले. मी गावात जाऊन पत्र टाकून आले. त्यांनी विचारलं, "पेटीत पडल्याचा आवाज आला?" आला म्हटलं. आला होता.

मार्चमध्ये ते गेले. इथं माणूस गेला की त्याला सजवून ठेवतात, गावातलं कुणीही येतं, घरच्यांशी हात मिळवतं. त्यांची मुलगी जर्मनीहून आली होती, ती एकटीच ओळीनं सगळ्यांशी हात मिळवत उभी. दाराशी टेबलावर एक वही होती, आलेल्यानं त्यात सही करायची. माझी पाळी आली. मी आधी वरची सगळी नावं वाचली, सगळी, आणि पहिल्या पानावर काय छापलंय तेही. मागं रांग थांबली. मी वळून सॉरी म्हणणार तेवढ्यात मागचा शेतकरी म्हणाला, "सावकाश गं बाई. तो काही कुठं जात नाही." मग मी उजव्या हातानं सही केली. रेघ वाकडी आली. दुसरं टिंब घालायचं राहिलं.

मे महिन्यात, मी सामान बांधत होते तेव्हा, पोस्टमन ते पत्र परत घेऊन आला. पाकीट न फोडलेलं. वर जर्मनमध्ये शिक्का, पत्त्यावर कुणी नाही. पोस्टमननं पावती पुढं केली, मी ती वाचली आणि सही केली.

पत्र माझ्याजवळ आहे. त्यांच्या मुलीला द्यावं का असा विचार केला, पण त्यांनी तिला सांगायचं असतं तर सांगितलं असतं. मी फोडलेलं नाही, फोडून मला कळणारही नाही. माझी मुलगी नोकरीला लागली, माझ्या हातात थोडी सवड आली की मी त्या जहाजाच्या कारखान्याच्या गावी जाणार आहे. मला तिथलं काही येत नाही, गाडी कुठं बदलायची ते माहीत नाही. तरी जाईन. पत्र ज्यांच्या नावाचं आहे त्या बाई सापडल्या तर त्यांच्या हातात देईन. त्या नसल्या तर त्यांच्या वडिलांची कबर शोधीन आणि तिथं उभी राहून सांगेन, मराठीतच सांगेन, की फळी कुजलेली होती. आजोबा, तुमचं एवढं काम माझ्याकडं आहे. ते मी करीन.